मोठ्या साहेबांनी निवडलेली पद्धत

जयसिंग वाळंज काही पत्त्यांच्या नादी लागलेला माणूस नव्हता. पत्तेच त्याच्या मागे लागले होते. मुळशीच्या धरणावर तो हंगामी टाइमकीपर होता, कामगारांची हजेरी मांडायचा. कॉलनीच्या क्लबात ब्रिजला चौथा गडी मिळेना, म्हणून रेगे साहेबांनी त्याला धरून बसवला आणि शिकवला. हळूहळू तो बरा खेळायला लागला. बरा म्हणजे बराच. उगाच जास्त कौतुक नको.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात हंगामी माणसं कमी करायचं ठरलं. नोकरी गेली की कॉलनीतली खोलीही जाणार. वडिलांचं गाव केव्हाच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, माले गावातल्या भावाने दार लावून घेतलेलं, आणि बायको सारजाबाई पोटुशी. तेव्हा रेगे साहेब म्हणाले, "रविवारी मुंबईहून मोठे साहेब येतायत. त्यांना ब्रिजचं वेड आहे. तू त्यांचा जोडीदार हो. डाव रंगला की मी तुझा विषय काढतो. त्यांनी मनात आणलं तर एका शब्दात कायम होशील."

बुडत्याला काडीचा आधार. सारजाबाईने सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली.

रविवारी दुपारी डाव मांडला. समोर मोठे साहेब, बाजूंना रेगे साहेब आणि कॉलनीचे डॉक्टर. जोडीदाराच्या हातातली पानं दिसत नाहीत, त्याला विचारताही येत नाही. काय ते बोलीतून कळवायचं, म्हणून पद्धत आधी ठरवावी लागते. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मी एक नो ट्रम्प म्हटलं, तर तू उत्तर कुठल्या पद्धतीने देणार?"

नो ट्रम्प म्हणजे बिनहुकमी डाव, आणि त्याला उत्तर द्यायच्या पद्धती दोन. पानं हलकी आणि बदाम पुष्कळ असतील, तर जुन्या पद्धतीत सरळ 'दोन बदाम' म्हणायचं. नव्या पद्धतीत म्हणायचं 'दोन चौकट', की समोरच्याने ओळखून स्वतः बदाम बोलायचे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आडून सांगते, तसंच. जयसिंगला सवय जुनीची. पण साहेबांपुढे आपली आवड कशी सांगावी?

"तुमी म्हणाल ती, साहेब."

"मग नवीच. हल्ली मुंबईत सगळे तीच खेळतात."

दोन-चार डाव बरे गेले. मोठे साहेब हसले, चहा मागवला. रेगे साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, थांब जरा. मग मोठे साहेब म्हणाले, "एक नो ट्रम्प." जयसिंगच्या हातात सहा बदाम आणि चौकटचं एकुलतं एक पान. त्याने ठरल्याप्रमाणे म्हटलं, "दोन चौकट."

"पास," मोठे साहेब म्हणाले.

जुनी, हाडीमाशी भिनलेली सवय. नवी पद्धत ते साफ विसरले होते, जयसिंगकडे खरंच चौकट आहे असं धरून बसले. चौकट हुकूम झाली, आणि डावाचे धिंडवडे निघाले. जयसिंगचे बदाम एकेक करून बाहेर पडू लागले तशी मोठ्या साहेबांची भुवई चढली. "हातात एवढे बदाम असून चौकट बोललास?"

रेगे साहेबांना सगळं ठाऊक होतं. ते आपल्या पानांकडे बघत राहिले. डॉक्टरांना खोकला आला. भले लोक!

आता या मुलखाची एक रीत आहे. थोराची चूक चारचौघांत दाखवायची नाही, आपल्या पदरात घ्यायची. पाटलाचं चुकलं तरी गडी म्हणतो माझंच चुकलं; पाटील ते मनात ठेवतो आणि पुढे त्या गड्याला सांभाळतो. जयसिंगला वाटलं, देवानेच ही संधी दिली. तो हात जोडून म्हणाला, "चुकलं साहेब. ठरल्यालं मीच इसरलो."

पण पाटलाला आपली चूक ठाऊक असते. मोठ्या साहेबांना नव्हती.

"रेगे, एका माणसाचं बोलायचंय म्हणाला होतात, तो हाच ना?" त्यांनी पानं खाली ठेवली. "आत्ता ठरलेलं आत्ता विसरतो, आणि हा माणसांची हजेरी मांडणार? असली माणसं आधी कमी करा."

जयसिंग उठून बाहेर पडला. व्हरांड्यात रेगे साहेब त्याच्यामागे आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मी जाऊन खरं सांगतो त्यांना."

"नगा साहेब!" जयसिंगने त्यांचा हात घट्ट धरला. "आता सांगितलंत तर त्यांना वाटंल, मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. आत्ता नुसता इसराळू हाय. मग लबाड ठरंन. दुसरीकडंबी कुनी उभा करनार न्हाई."

रेगे साहेबांनी हळूच हात सोडवून घेतला. खरं सांगावं अशी त्यांचीही फारशी इच्छा दिसली नाही, ते परत डावावर जाऊन बसले.

सारजाबाई पोटावर हात ठेवून दारातच उभी होती. "बोललं का साहेब?"

"बोललं," जयसिंग म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून त्याने हंबरडा फोडला.