अंपायरच्या आधी निघालेला साहेब

सन १९७३. मी एकवीस वर्षांचा. शाळा चौथीतच सुटली, पण सेनगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंत माझ्याएवढा जोरात चेंडू टाकणारा दुसरा नव्हता. आजही कोणी नाही म्हणत असेल तर त्यानं समोर यावं.

दुष्काळ होता. दिवसभर आम्ही सरकारी कामावर खडी फोडायचो. खळ्यावर मळायला दाणा नव्हता, म्हणून संध्याकाळी त्याच सारवलेल्या खळ्यावर तुराट्या रोवून क्रिकेट चालायचं. त्या दिवसांत बोअर पाडायची मशीन घेऊन एक इंग्रज आला. चाळिशीचा, उन्हानं लालबुंद. त्याचा जीपवाला आमच्याच भागातला मुसलमान, त्याला साहेबाची बोली यायची. तो सांगायचा, साहेब तिकडं काउंटीकडून खेळलाय, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून म्हणा.

मी चारचौघांत बोलून गेलो, "याला आउट न्हाई केलं, तर पुन्हा चेंडू हातात धरणार न्हाई."

साहेब खेळायला आला. खळ्यावर पायताण चालत नाही, हे आमचं बघून त्यानं गुमान बूट काढले. जीपवाला अंपायर झाला. माझा जोराचा चेंडू साहेब लेकराला थोपटावं तसा खाली दाबायचा. मग एक चेंडू उसळला आणि बॅटीजवळून मागच्याच्या हातात गेला. आवाज नाही, काही नाही. मीसुद्धा ओरडलो नाही. साहेबानं बॅट काखेत धरली आणि अनवाणी चालू लागला.

पोरं हसली. "भीक घातली रे तुला!"

आमच्याकडं तुराटी उडाली तरी गडी जागा सोडत नाही, वाऱ्यानं पडली म्हणतो. माझं डोकंच फिरलं. साहेबाला आडवा गेलो. "आमी भीक घेत न्हाई. माघारी चाल, खेळ."

जीपवाल्यानं त्याला सांगितलं, त्याचं ऐकलं आणि माझ्याकडं वळला. "साहेब म्हणतो, बॅटीला लागला. त्याला कळलं, मंग अंपायरला काहून इचारावं?"

"झूट."

"ऐक तर. तिकडं बी एकदा असाच निघाला. कोणाला आवाज आला नव्हता. जिल्हा हरला, अन् याला बसवलं ते कायमचं. मंग या मशीनीच्या कामाला लागला."

"पस्तावा व्हतो का, इचार त्याला."

साहेबानं बाभळीच्या बॅटीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थोडंसंच बोलला.

"म्हणतो, लागला व्हता."

मी त्याची वाट सोडली. जिल्ह्यासाठी जो खोटा वागला नाही, तो माझ्यासाठी कशाला वागेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पैलवान, साहेबानं भीक घातली म्हणं?"

मी हातोडा खाली ठेवला. "बॅटीला लागला व्हता. साहेबाला म्या काढलं. खोटं वाटत असंल तर जाऊन त्यालाच इचार."

आणि खडी फोडायला बसलो.