गेंदीच्या घशात काही नव्हतं

भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. मी लोहाऱ्याच्या दूध सोसायटीत टेस्टर होतो. दिवसभर दुधातलं पाणी पकडायचं काम. त्यामुळं माणूस काय म्हणतो यापेक्षा मशीन काय दाखवतं तेच खरं धरायची सवय लागली. तरी ही एक गोष्ट मला अजून पचलेली नाही.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. आम्ही धनगर. माझा थोरला भाऊ — दादा — मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी कर्नाटकाच्या बाजूला गेला होता. त्याची लाडकी कुत्री गेंदी पाय लचकल्यामुळं वहिनींजवळ घरीच राहिली. निघताना दादा वहिनींना म्हणाला, "पोरांकडं बघ, आन् गेंदीकडं बी." बायकोकडं कोण बघणार, असं म्हणून मी त्याला चिडवलंही होतं.

एका सकाळी गेंदीनं खाणं सोडलं. मान लांब करून उभी राहायची, गिळायला बघायची. पाणी प्यालं की तोंडावाटे परत. वहिनी घाबरल्या. "भावजी, हाड अडकलंय. ह्यांना काय तोंड दाखवू म्या?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जबड्यात लाकडी दांडकं घालून बॅटरीनं पाहिलं. काही दिसेना. "खाली अन्ननलिकेत असणार," ते म्हणाले. "तिथवर माझा हात पोचत नाही." पण उमरग्याला त्यांच्या ओळखीचे एक घशाचे डॉक्टर होते — माणसांचे. पोरांनी गिळलेली नाणी ते बल्ब लावलेली नळी घालून काढायचे. कुत्र्याला कोण तशी नळी घालणार... पण वहिनी ऐकेनात. सोसायटीची जीप उमरग्याला जाणारच होती. गेंदीला त्यात घालून वहिनी, मी आणि जनावरांचे डॉक्टर असे तिघं निघालो.

उमरग्याचा बाजाराचा दिवस होता. घशाचे डॉक्टर आधी हसले, मग वहिनींचा चेहरा पाहून हात धुवायला उठले. मागच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. आमच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ती चकचकीत नळी हळूहळू आत गेली. डोळा लावून ते बराच वेळ बघत होते. मग मलाही बघू दिलं. ओली, गुलाबी, मोकळी वाट.

"पोटापर्यंत रस्ता साफ आहे," ते म्हणाले. "हाड नाही, काटा नाही, सूजसुद्धा नाही."

मला सुटल्यासारखं झालं. वहिनींचा चेहरा मात्र उतरला. "भावजी, हिला काय न्हाय झालं. ह्यांना झालंय. ही त्यांचं दुखणं दाखवायलीय."

"वहिनी, एवढ्या शिकलेल्या माणसानं आत डोकावून बघितलं, आणि तुम्ही..." मी हसण्यावारी नेलं.

गुंगी उतरल्यावर जीपकडं निघालो, तर गेंदी येईना. लंगडत्या पायानं हैदराबादच्या बाजूला दोर ओढायला लागली. सडकेवर ट्रकची रांग लागलेली. वहिनी म्हणाल्या, "थोडं जाऊ द्या की तिच्या मागं." पण दुधाचे कॅन परत न्यायचे होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गेंदीला उचलून जीपमध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेंदी आपणहून उठली आणि घमेलंभर पाणी प्याली. मग भाकरीही खाल्ली. वहिनींना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्या आळीत गूळ वाटला. मीही खाल्ला.

त्याच संध्याकाळी दादासोबत गेलेला सिद्राम आला. ओट्यावर बसला आणि सांगायला लागला. एक मेंढरू मेलं म्हणून त्यांनी त्याचं मटण शिजवलं होतं. त्यातलं हाड दादाच्या घशात अडकलं. "केळ चारलं, भाताचा गोळा चारला... पाणी बी उलटं यायचं. काल बाजाराला गाड्या चालल्या व्हत्या, तवा उमरग्याला नेतो म्हणलं. तर म्हणला, ऱ्हाऊ दे, उतरंल आपोआप. आज दुपारी गेला." त्यांचा तळ उमरग्याच्या जरा पुढं, हैदराबादच्या सडकेला लागूनच पडला होता. चाऱ्याच्या शोधात तिथवर परत आले होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

वहिनी तेव्हा रडल्यासुद्धा नाहीत. गेंदीला जवळ ओढून एवढंच म्हणाल्या, "तिनं सांगितलं व्हतं की वो."

मी खूप डोकं चालवून बघितलं. वाऱ्यावर कळपाचा वास आला असेल, म्हणून ती तिकडं ओढत असेल... चला, मानलं. पण तिचं गिळणं कशानं बंद झालं होतं? आणि दादा गेला त्या दुपारी ते कसं उघडलं? नळीतून मी स्वतः पाहिलंय, आत काही नव्हतं.

पुढं एकदा उमरग्याला गेलो तेव्हा त्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. दादाच्या घशातलं हाड निघालं असतं का, असं विचारलं. ते म्हणाले, "टेबल तर मांडलेलंच होतं हो."

वहिनींना वाचता येत नाही, म्हणून इथं लिहितोय. डॉक्टरांचं हे बोलणं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.