एक गुणाचा आवाज

"एक गुण म्हणजे काय, ते आधी कानाला कळू द्या," सर म्हणाले आणि त्यांनी स्पीकर सुरू केला.

समोर नवी भरती झालेली मुलं-मुली. इंग्रजी शिकणाऱ्यांचे आवाज ऐकायचे, एक ते पाच गुण द्यायचे, त्या गुणांवरून मशीन शिकणार. हे आमचं काम. मी या पोरांना ते शिकवायला उभा होतो. स्पीकरमधून एक माणूस वाचू लागला. द वेदर इज प्लेझंट टुडे. अडखळत, प्रत्येक शब्द जमिनीवर आपटत.

"भाऊ गिट्टी फोडून राहिला का गा?" मागून एक पोरगा म्हणाला.

खोली हसली. सर हसले. मीही हसलो.

तो आवाज माझा होता.

कोणी ओळखला नाही. कंपनी नवी होती तेव्हा नमुन्यासाठी शिपायापासून सगळ्यांचे आवाज घेतले होते. मी तेव्हा संगणकावर आकडे भरायचो. नाव लावणार नाही, असं सांगितलं होतं. नाही लावलं. गुण तेवढा लावला.

पुढे मी तो आवाज घासून काढला. सरांचं इंग्रजी त्यांच्या घरातच जन्मलेलं. माझं राखेनं घासून आणलेलं. घासताना मराठीही गेली. आई फोनवर म्हणायची, "तू बातम्या देऊन राहिला का बाप्पा? घरच्यावानी बोल ना." मी विषय बदलायचो. ती गेली तेव्हा उशाशी बसून होतो, तरी तिची बोली तोंडातून निघाली नाही.

पण एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

हेडफोनमध्ये आवाजामागचं घरही ऐकू येतं. नळावरची भांडी. कुकरची शिट्टी. दारातून कुणी म्हणतं, "जय भीम, ताई." वाचणाऱ्या पोरीला पत्ताही नसतो, की मला तिचं घर ऐकू आलं. ते माझंच घर. आणि त्या घराला मी एक गुण कमी द्यायचो. वाचन स्वच्छ असलं तरी. माझं आडनाव बघून कोणी म्हणू नये, हा आपल्या लोकांना झुकतं माप देतो.

प्रत्येक आवाजाला आमच्यातले दोघं जण आपापले गुण देतात. जुळले नाहीत तर नवख्याचे रद्द. मी जुना. म्हणून नवखे माझ्यासारखे गुण द्यायला शिकले. मशीन आमच्याकडून शिकलं. चांगलं शिकलं.

माझी बहीण जरीपटका भागात राहते. तिच्या मुलीनं, पायलनं, एका दवाखान्यात स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी अर्ज केला. पहिली परीक्षा मशीन घेणार होतं. मशीन आमचं. मी शेजारी बसलो होतो. पायल सरळ, स्वच्छ वाचत गेली. मशीननं दोन गुण दिले.

"मामा, काहून म्हणते हे असं? मी तर बराबर बोलून राहिली."

"सराव कर," मी म्हणालो.

नोकरी हुकली. ती सराव करत राहिली. गच्चीवर, मोरीत, पोळ्या लाटताना, तीच वाक्यं. आता कोणाचाही आवाज लावला तरी त्याच्यामागे मला ती ऐकू येते. हेडफोन काढला तरी येते.

पुढच्या तुकडीला सरांनी तीच क्लिप लावली.

"थांबवा," मी म्हणालो. "हा मी आहे."

सरांनी क्लिप थांबवली. मग चेहरा उजळला. "अरे, मग सांगा ना यांना! कुठून कुठे आलात तुम्ही."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशीच्या हसण्यापेक्षा तो हात जड होता. मी बाजूला झालो. पोरांना विचारलं, "यातला कोणता शब्द कळला नाही?"

एका पोरीनं मान हलवली. सगळे कळले होते.

"मग एक गुण कशाचा?"

"आपण केबिनमध्ये बोलू," सर म्हणाले.

"नाही सर. हसलो इथं, बोलूही इथंच."

आणि मी सगळं सांगितलं. कोणाचे गुण कापले, काय ऐकून कापले. मापात पाप मी केलंय, म्हणालो. माझे गुण मशीनमधून काढा.

"आता नाही निघत ते," सर म्हणाले. "मुरलेत."

मग पायलकडे गेलो. "मशीननं नाही, तुले मी नापास केलं." इतक्या वर्षांनी 'तुले' आलं, ते असं.

तिनं विचारलं, "अजून किती पोरींले, मामा?"

मला माहीत नव्हतं. ती उठून आत गेली. अजून बोलत नाही. बोलावं असं मी काही केलेलं नाही.

ऑफिसात माझं जुनेपण काढून घेतलं. आता गुण जुळले नाहीत तर माझेच रद्द होतात. रोज होतात. तरी स्वच्छ वाचणाऱ्या पोरीला मी पूर्ण पाच देतो आणि खाली कारण लिहितो: प्रत्येक शब्द कळला. राजीनामा द्या, असं आडून सुचवून झालंय. देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं. आणि काहून काढलं, ते भरल्या खोलीत माझ्या तोंडावर सांगावं.