जवसाचं तेल म्हणून

मी नाशिकच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. पेशीच्या पडद्याचा विषय निघाला की मला कुणी आवरू शकत नाही. माझे वडील, आबा, नामपूरहून आमच्या पंचवटीतल्या घरी राहायला आले, तेव्हा त्यांचीही सुटका झाली नाही. पडदा म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर. संपृक्त आम्लांच्या शेपट्या सरळ, त्या दाटीनं बसतात. बहुअसंपृक्तांच्या वाकड्या, म्हणून मध्ये फटी राहतात आणि पडदा सैल, हलता राहतो.

"हाई ते कडबानी पेंडी शे," ज्वारीची वाळकी ताटं कवेत आवळल्यासारखं करत आबा म्हणाले. "वाकडं ताट आलं की घट्ट बसत नाय." माझ्या विद्यार्थ्यांना हे समजायला आठवडा लागतो.

आबांची मधली नजर, म्हणजे अगदी समोरचं दिसणं, विझत चाललं होतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला ते ऐकायचंच नव्हतं. डोळ्याच्या पेशींना लागणारं सगळ्यात वाकडं आम्ल माशांत भरपूर असतं, जवसापासून शरीर ते जेमतेम बनवतं. आणि आबा तर माळकरी, घरात अंडंही चालत नसे. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण ते मागवायला चार दिवस लागले असते आणि मला दम निघत नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या आणि जवसाचं तेल म्हणून रोज त्यांच्या हातावर ठेवल्या.

एका दुपारी गोळी दाताखाली फुटली. बाजारात सुकटीच्या पाट्यांजवळून नाक दाबून जाणारा माणूस तो.

"माय, हाई काय शे?"

मी खरं सांगितलं. वर पेशी, रेणू, काहीबाही बडबडले. त्यांनी चूळ भरली, गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली. मी पाया पडले, रडले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढे त्यांना समोरचं ताटही दिसेनासं झालं. मी शेजारी बसून सांगायची, मेथी आहे, वरण आहे, भाकरी आहे. आबा ऐकून घेत, हात मांडीवरच ठेवत आणि स्वयंपाकाच्या मावशींना हाक मारत. मावशी येऊन तेच सांगत, मेथी, वरण, भाकरी. मग ते जेवायला लागत.