काचेच्या दाराखालची पट्टी

काचेच्या भिंतीत दार बसवायला मला दोन दिवस लागले, आणि तेही नुसतं संगणकावर. प्रत्यक्षात अशी दारं मी लातुरात अकरा-बारा वर्षं बसवली होती. सकाळी हात घातला की दिवस मावळायच्या आत दार झुलायचं. पण खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, आता काच उचलायची नाही. तेव्हा ज्या आर्किटेक्ट मॅडमच्या साइटवर मी मापं घ्यायचो, त्यांनीच मला ऑफिसात बोलावलं. "तुमचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही. तीन महिने संगणकावर आराखडे काढायला शिका. जमलं तर राहा."

नाही जमलं तर परत इस्लापूरजवळच्या माझ्या गावी. तिथं बायको आहे, लेक आहे. काचेचं काम नाही, आणि ओझं उचलायला खांदा नाही. नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, त्या पडद्यासमोर बसलो की तळव्यांना असा घाम यायचा की माऊस निसटायचा.

पण काय मजा होती त्यात. एक रेघ ओढली की काचेची अख्खी भिंत उभी. तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या की तिचे तुकडे पडायचे, रेघांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसायच्या. ना ड्रिल, ना धूळ, ना कुणाच्या बोटाला टाका. एकदा तर नुसत्या हौसेनं मी बारा फुटांची भिंत चाळीस फूट केली आणि पुन्हा बारावर आणली.

"काय हसताय?" मॅडमनी विचारलं.

"हिला उचलायला चार माणसं लागत न्हाईत, मॅडम."

दार मात्र ऐकेना. विटांच्या भिंतीत मुकाट बसणारं दार काचेजवळ नेलं की बसायचंच नाही. दोन दिवस झगडलो. मग कळलं की इथं दार बाहेरून आणायचंच नसतं. भिंतीतलीच एक काच निवडायची, तिला जागेवर धरून ठेवणारी टाचणीची खूण काढायची आणि तिला सांगायचं, आता तू दार. सांगितलं, आणि काचेला हँडल फुटलं. मी खुर्चीतून उठलोच. बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"दार बसलं."

"कुणाचं?"

"कुणाचं न्हाई. काम्प्युटरमधलं."

ती म्हणाली, "जेवलात का तुम्ही?"

तिसरा महिना संपत आला तेव्हा माझं पहिलं पूर्ण काम दाखवायचा दिवस आला. साड्यांचं दुकान. मालकीण काकू मूळच्या किल्लारीच्या, बोलायला फटकळ. मोठ्या पडद्यावर मी दुकान फिरवून दाखवायला लागलो. रस्त्यावरून आत, काचेमागच्या साड्या, वरची पाटी. काकू पुढं सरकून बघत होत्या.

"दगडाची भिंत न्हाई हे लई बेस केलं. भूकंपापासून मला दगडाखाली झोप लागत न्हाई. काच कशी, पलीकडचं दिसतंय तरी."

मी फुशारलो. दाराजवळ गेलो, दार उघडलं, आणि माऊस तिथंच थांबवला. दाराखाली पट्टी होती. काचेचं दार केलं की भिंतीच्या तळाची पट्टी त्याच्याखालून तशीच जाते, ती आपल्या हातानं काढावी लागते. आनंदाच्या भरात मी काढलीच नव्हती. मॅडमनाही दिसली, त्यांची मान माझ्याकडं वळली.

"थांब की," काकू म्हणाल्या. "हे खाली काय हाय?"

मी तोंड उघडायच्या आतच काकू पुढं बोलल्या.

"उंबरठा ठेवला व्हय? जुनं दुकान पाडलं तवापासून मी ह्याच्यापायी सगळ्यांचा जीव खाऊन राहिले. रोज सकाळी हळदकुंकू, फूल वाहायचं कुठं? सगळे म्हणतेत, काचेच्या दाराला उंबरठा नसतो. ह्यानं बघ, न सांगता ठेवला. कुठला रे तू?"

"इस्लापूरकडचा."

"तिकडची माणसं चांगली."

मी हो म्हटलं असतं तर तीन महिन्यांचा निकाल तिथंच माझ्या बाजूनं लागला असता. पण ह्याच मापावर काच मागवायची होती. भट्टीतून कडक करून आलेली काच परत कापता येत नाही, आणि त्या पट्टीमुळं दार दोन इंच आखूड येणार होतं. आणि साड्या बघत आत येणारी बाई पायाखाली बघत नाही.

"काकू, तो उंबरठा न्हाई," मी म्हणालो. "माझी चूक हाय. पट्टी काढायची राहिली."

"मग राहू दे की चूक. चांगली दिसायली."

"गिऱ्हाईक अडकून पडंल, काकू. तुमच्या वयाचं कुणी आलं तर..."

"माझ्या वयाला काय झालं?"

मॅडम हसल्या. मला हसू येईना. "मग मी फूल काय काचेला चिकटवू?" काकूंनी विचारलं.

तेव्हा हात आपोआप चालले. पट्टी निवडली, उडवली. दार खालपर्यंत आणलं. दाराखाली फरशीच्या बरोबरीनं काळ्या दगडाची चार इंच रुंद पट्टी काढली, ठेच लागणार नाही अशी. दार झुलवणाऱ्या मशिनचा डबा जमिनीत पुरतात, तेवढ्यापुरती एका कडेला खाच ठेवली. काकू माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या देखत दगड काळा झाला, मग त्याला चकाकी आली.

"ह्याच्यावरून लोकं चालणार."

"उंबरठ्यावरूनबी चालतेतच की, काकू."

"ओलांडतेत," त्या म्हणाल्या. पडद्याला बोट लावून त्यांनी दगडाचा कोपरा दाखवला. "पण इथं फूल ऱ्हाईल. कर असंच."

त्या गेल्यावर मी खुर्चीतच बसून राहिलो. शेवटी विचारलंच, "मॅडम, तीन महिने शुक्रवारी भरतेत. माझं काय?"

"पट्टी विसरलात," त्या कागद गोळा करत म्हणाल्या. "पुढच्या वेळी दाखवायच्या आधी तपासायचं."

"हो."

"आणि काचेची ऑर्डर तुमच्याच मापानं जाणार आहे. साइटवर जाऊन जागा परत मोजा. ऑर्डर गेली की एका दवाखान्याची दर्शनी भिंत तुम्ही घ्यायची, दोन मजली."

दोन मजली. मी उठून विचारलं, मापाचा टेप कुठं ठेवलाय.