जावा-जावांची पात आणि बर्फावरची हॉकी

सगळ्यात आधी डोरीनताईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी आजही तळघरातल्या खोलीत बसून खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते बूट पाहत राहिले असते.

गावातल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, मी निघाले तेव्हा कापसाचा पहिला वेचा चालू होता. माहेरचं वावर देवळी-वर्धा रस्त्याला लागूनच. दिराच्या गाडीत बॅगा कोंबून आम्ही नागपूरच्या विमानतळाकडे निघालो, तर आई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उभी. कमरेची ओटी तिनं सोडलीसुद्धा नव्हती, अर्धी कापसानं भरलेली. मागं तिच्या टोळीतल्या बारा बाया वेचत होत्या, त्यांना टाकून नागपूरला येणं तिला जमणार नव्हतं. मी रडायला लागले तशी म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं? तुले विमानात जागा भेटली. मले तं एसटीतबी भेटत नाई." मग काचेतून डोकं आत घालून हळूच म्हणाली, "तिकडं तुह्या बाजूले कोन हाय, ते आधी पायजो. बाकी सारं मंग."

माझा नवरा वेल्डर, कॅनडातल्या मॅनिटोबात कामाला. तो सकाळी सातला निघून जायचा आणि तळघरातल्या भाड्याच्या खोलीत माझ्या बाजूला भिंत असायची. पहिलं अख्खं वर्ष असं गेलं. मी आठवीत शाळा सोडलेली. इंग्रजी समजायचं थोडं, पण बोलायची वेळ आली की घशात बोंड अडकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षी एका इस्पितळाच्या लाँड्रीत काम मिळालं, तेही सहा महिने कच्चं. मार्चअखेर पक्की झाले तर झाले, नाहीतर परत ते तळघर.

चादरी इस्त्री करायचं मशीन आमच्या गोठ्याएवढं लांब. चादरीचं एक टोक मी धरायचे, दुसरं डोरीन. साठीच्या बाईला नुसतं नावानं हाक मारणं माझ्या तोंडून होईना, म्हणून मी 'डोरीनताई' म्हणायचे. सगळ्यांना वाटलं, तेच त्यांचं पूर्ण नाव आहे. ऑक्टोबरात मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "काम चोख आहे. पण मशीनमध्ये काही अडकलं तर ओरडून सांगता आलं पाहिजे. तू तर गुड मॉर्निंगसुद्धा पुटपुटतेस. अशा माणसाला मी पक्कं कसं करू?" त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. मी आरशासमोर ओरडून पाहायचे. आवाज निघायचा, पण मराठीत.

डोरीनताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "या वर्षी हॉकीच्या पूलमध्ये तू माझी जोडीदार."

हॉकी म्हणजे तिकडची, बर्फावरची, आणि पूल म्हणजे तिच्यावर कामावरच्यांनी आपसात लावलेली पैज. मोसम सुरू व्हायच्या वेळी लाँड्रीतले नऊजण जेवणाच्या सुट्टीत बसतात आणि पाळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मग तो खेळाडू मोसमभर जितके गोल करेल, जितके गोल करायला मदत करेल, तितके गुण आपले. कोण किती करेल याचा अंदाज आधी बांधायचा, सगळा खेळ त्यातच. शेवटी येणाऱ्यानं आठवडाभर शत्रूसंघाची टोपी घालून काम करायचं. डोरीनताईंना ती टोपी अगदी मापात बसायची, इतक्यांदा त्यांनी ती घातलेली. नियम एकच, निवडताना नाव मोठ्यानं सांगायचं आणि कारणही सांगायचं.

त्यांनी आमच्या शहराच्या संघाची यादी माझ्यापुढं ठेवली. "या संघाचा अंदाज तू कर. बाकीचे संघ मी बघते."

मला हॉकीतलं काय कळतं? पण यादीकडं पाहता पाहता मला आई दिसायला लागली. ती सकाळी वावरात शिरायच्या आधीच सांगायची, आज कोणती बाई किती किलो वेचेल. नुसते हात पाहून नव्हे. कोणाला कोणती पात लागली, म्हणजे कोणाच्या वाट्याला कोणती ओळ आली, तिथली पराटी, म्हणजे कपाशी, किती फुटलीय, शेजारच्या पातीत कोण आहे, कोणाच्या घरी लग्न निघालंय, सगळं धरून. संध्याकाळी काटा लावला की दोन-तीन किलोचाच फरक.

मी तेच केलं. तीन सामने पाहिले, चेंडूकडं न पाहता. तिथं चेंडू नसतोच, रबराची काळी चकती असते, हेही तेव्हाच कळलं. कोण किती मिनिटं बर्फावर असतो, समोरचा एक गडी शिक्षा होऊन बाहेर बसला की आपल्याकडून कोणाला पाठवतात, आणि मोठ्या खेळाडूच्या बाजूला कोण असतो, तेवढं लिहीत गेले.

ड्राफ्टचा दिवस उजाडला. आमची पाळी आली. मी एका अनोळखी पोराचं नाव घेतलं. "कारण?" सगळे थांबले. मी म्हणाले, "तो चांगल्या माणसाच्या बाजूला आहे." कोणीतरी हसलं. पुढच्या खेळाडूच्या वेळी मी विचारलं, "याच्या घरी यंदा लग्नबिग्न आहे का?" मग सगळेच हसले. डोरीनताई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "बायको बाळंत होणार आहे, जानेवारीत." मी तीन सामने वजा केले.

आणि मग मी शेण खाल्लं. यादीत एकाच आडनावाचे दोन खेळाडू होते. आमच्या टोळीत एका आडनावाच्या दोघी म्हणजे जावा-जावा, आणि आई म्हणायची, "जावा-जावांची पात शेजारी लावजो. एकमेकींच्या रागानं दुप्पट वेचतेत." मला वाटलं, हे दोघे भाऊ. मी दोघांनाही घेतलं, आणि कारण सांगितलं, "भाऊ आहेत, चढाओढीनं खेळतील."

ते भाऊ नव्हते. गाववालेही नव्हते. एक रोज खेळायचा, दुसरा बहुतेक वेळ बाकावर.

धुलाईच्या मशीनवर रोमेल नावाचा फिलिपिनो गडी होता. त्याला हे आयतंच सापडलं. रोज सकाळी सगळ्या मशीनांच्या वरताण ओरडायचा, "तुझे भाऊ कसे आहेत?" पहिले काही दिवस मी मान खाली घालायचे. एके दिवशी दुसऱ्या भावानं चक्क गोल केला. दुसऱ्या दिवशी रोमेलनं तोंड उघडायच्या आत मीच इथून तिकडं ओरडले, "माझ्या भावानं काल गोल केला! तुझा अजून गाडी मागे घ्यायला शिकतोय!" आदल्याच दिवशी रोमेलच्या भावानं पार्किंगमधला खांब ठोकला होता. सगळी लाँड्री हसली. डोरीनताईंच्या हातातून चादर सुटली.

मग ते रोजचंच झालं. तो टोमणा मारायचा, मी परतवायचे. घशातलं बोंड केव्हा फुटलं ते मला कळलंही नाही. फेब्रुवारीत खरोखरच मशीनमध्ये चादर गुंडाळली गेली, तेव्हा "स्टॉप!" असं मी इतक्या जोरात ओरडले की मॅनेजर काचेच्या खोलीतून धावत आला. मशीन थांबलं होतं, कोणाला काही झालं नव्हतं. तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "आवाज आहे की."

मार्चमध्ये मी पक्की झाले. पूलमध्ये आम्ही चौथ्या आलो. अनोळखी पोराचा अंदाज माझा दोन गुणांनी चुकला. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "दोन मंजे काट्यातला फरक हाय."

परवा कामावरून निघताना तिचा फोन आला. मी म्हणाले, "आता घरी जाऊन राह्यली." ती म्हणाली, "कोन्त्या घरी वं?" तळघराला मी पहिल्यांदाच घर म्हटलं होतं. मग तीच म्हणाली, "असू दे. दोन पाती धरता येतेत मानसाले."

डोरीनताई उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मी त्यांना आईच्या वावराचा व्हिडिओ दाखवला. एकतीस वर्षं त्या सुती चादरी हाताळत आल्या, पण झाडावरचा कापूस त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "फुटलेलं बोंड हातात घेतलं की कसं लागतं?" तेवढं इंग्रजी मला अजून येत नाही.

डोरीनताई, हे मी शब्दांत सांगणार नाही. तुमचे गुडघे, माझी रजा, व्हिसा, जे काय आड येईल ते येऊ दे. एका दिवाळीनंतर मी तुम्हाला देवळीला नेईन, आणि पहिलं बोंड माझी आई तुमच्या हातात देईल.