निवेदन कमी करा

आमच्या भागातले गाण्याचे सगळे कार्यक्रम एकाच माणसाने बिघडवले. परवा तो माणूस गेला.

दिलीपदादा. आमच्या शाळेचे क्लार्क.

ऑफिसात दिवसभरात दहा वाक्यं बोलायचे नाहीत. "सही करा." "झेरॉक्स जोडा." "बघू."

आणि संध्याकाळी हातात माइक आला की थांबायचे नाहीत.

बेलापूर, राहुरी, श्रीरामपूर, कार्यक्रम कुठेही असो, निवेदक दिलीपदादाच. मला गाण्याचं वेड. म्हणजे वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत बसून मी या एका माणसावर चिडत आले.

राहुरीच्या गझल संध्येला गायिका तयार होऊन बसलेली, आणि दादा मुळा धरणाच्या पाण्यावर पंधरा मिनिटं बोलले. आधी धरण, मग डोळ्यांतलं पाणी, मग पुन्हा धरण. गझला झाल्या चार.

बेलापुरात एकदा मध्यंतरापर्यंत तीनच गाणी झाली. त्यातलं एक स्वागतगीत.

गेल्या वर्षी गणपतीत माझा patience संपला. फर्माईशीच्या चिठ्ठ्या स्टेजवर जात होत्या, त्यात मीही एक सरकवली. नाव न घालता.

"निवेदन कमी करा. गाणी होऊ द्या."

दादांनी ती माइकवर मोठ्याने वाचली. "रसिकहो, ही फर्माईश शिरसावंद्य," म्हणाले, आणि कमी बोलण्याचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोलले.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कोणाला संशय नको म्हणून.

सोमवारी मस्टरवर सही करायला गेले. दादा मान वर न करता म्हणाले, "मॅडम, अक्षर छान आहे तुमचं."

बावीस वर्षं हा माणूस माझं अक्षर बघत होता. चिठ्ठी लिहिताना हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

मग आली दिवाळी पहाट.

पुण्याहून येणाऱ्या गायकाची गाडी सुप्याजवळ बंद पडली. स्टेज रिकामं. लोक अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून बसलेले. असा मोका दादांनी एरवी सोडला असता का?

"थोडा उशीर होतोय. बसा," एवढंच म्हणाले. माइक बंद केला आणि कडेला जाऊन उभे राहिले.

पाऊण तास.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी लांबूनच हात जोडले.

लोक एकेक करून फराळाला घरी निघाले. गायक आला तेव्हा माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तो कसा गायला ते मला विचारू नका. मी ऐकतच नव्हते.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट कार्यक्रम. आणि निवेदन शून्य. माझी फर्माईश पूर्ण झाली होती.

सॉरी म्हणायचं रोज ठरवायचे. रोज सही करायचे आणि वर्गावर जायचे.

जानेवारीत दादा रजेवर गेले. घशाचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तर बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून दाखवलं, "चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. चिठ्ठीचा विषय काढलाच नाही. लाज वाटली.

काल त्यांच्या घरी गेले. बाहेर साऊंडवाला राजू बसला होता. दादांच्या प्रत्येक कार्यक्रमाला मशीन याचंच.

"मॅडम, लई येळा वायर जळायची, नायतर वादकच आलेला नसायचा. मी खालनं बोट फिरवायचो, की दादा बोलनं वढत न्यायचे. तुमाला कळायचंबी न्हाई."

"म्हणजे राहुरीलाही?"

त्याने जरा आठवून बघितलं. "न्हाई. राहुरीला समदं चालू हुतं. त्या दिशी त्यांना बोलायचंच हुतं."

आता घ्या. दादा बोलायचे म्हणून कार्यक्रम बिघडायचे, की कार्यक्रम बिघडलेले असायचे म्हणून दादा बोलायचे? इतकी वर्षं मी नक्की कोणावर चिडत होते?

आत वहिनी होत्या. मी एकदाचं चिठ्ठीचं सांगून टाकलं.

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "घरी हसत हसत वाचून दाखवली हुती."

मग म्हणाल्या, "दिवाळीत त्यांचा आवाजच धड निघत न्हवता. घशाचं तवाच सुरू झाल्तं. मी म्हनलं, सांगा की लोकांना. तर म्हनले, कशाला? मॅडमला वाटू दे, मी त्यांचं ऐकलं म्हनून."

मला हलकं वाटायला हवं ना? त्यांना गप्प आजाराने केलं, माझ्या चिठ्ठीने नाही.

पण नाही वाटत.

ती माझी थट्टा होती का? की माझा मान ठेवला? की आजार लपवायला माझी चिठ्ठी आयतीच सापडली? रात्रभर विचार केला, काही कळलं नाही. आणि ज्यांना विचारायचं ते तर गेले.

आज सकाळी शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सगळे उभे राहिलो.

दोन मिनिटं झाली. तीन झाली. बसा असं कोणी म्हणेना.

मुलं पाय बदलायला लागली. शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी सांगेल म्हणून जो तो थांबलेला.

मग लक्षात आलं. इतकी वर्षं शाळेच्या सभांनाही माइक दादांकडेच असायचा, ते सांगायचं काम त्यांचं होतं.

शेवटी मीच म्हणाले, "बसा."

एकच शब्द. त्यापुढे मला काही बोलताच आलं नाही. तुमच्यासाठी एवढंच निवेदन झालं, दादा, आणि ते फार कमी पडलं.

श्रद्धांजली वाहते, दिलीपदादा.

आणि ती चिठ्ठी परत घेते.